पाचवी ते सातवीच्या पोरांना हवामान बदल नेमका कसा शिकवायचा?

शिवार_मास्तर
नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यात झेडपीच्या शाळेवर आहे. हा विषय आला की आमच्याकडे ठरलेलं असतं, चित्रकला स्पर्धा, प्रभातफेरी, रोपासोबत फोटो, फोटो ग्रुपवर टाकला की झालं. गेल्या पावसाळ्यात लावलेली रोपं सुट्टीत पाणी न मिळाल्यानं वाळून गेली, आणि जूनमध्ये सहावीतली एक पोरगी विचारते, सर, आता परत त्याच खड्ड्यात लावायची का? मला बोलता येईना. ह्यांच्या घरी सोयाबीन आहे, ऑगस्टात पावसानं ओढ दिली की काय होतं ते ही पोरं डोळ्यांनी बघतात, त्यांना मी ध्रुवावरचा बर्फच सांगत बसू का?

भूगोलवाल्या_बाई
सर, पर्जन्यमापक करा. सरळ उभी प्लॅस्टिकची बाटली घ्या, वरचा भाग कापून उलटा बसवा, बाहेरून मोजपट्टी चिकटवा. तळ वाकडा असतो म्हणून पट्टीच्या शून्यापर्यंत आधी पाणी भरून ठेवायचं, हे विसरलात तर आकडे चुकतात. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं, आपणही तेव्हाच घ्यायची. मग गणित, 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. शाळेचं छत 100 चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस 600 मिमी धरला तर 60 हजार लिटर! फळ्यावर हा आकडा आला तेव्हा माझ्या वर्गात एकदम शांतता, आणि मग एकानं विचारलं, बाई हे सगळं जातं कुठं? हिवरे बाजारला पडलेल्या पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग पिकं ठरवतात, ते पुढच्या तासाला सांगा.

वऱ्हाडी_गुरुजी
आमच्याकडे उन्हामुळं शाळाच बाकी राज्यापेक्षा उशिरा उघडते. आम्ही 2 थर्मामीटर लावले, एक पत्र्याच्या वर्गात, एक कडुनिंबाखाली. पोरांनी महिनाभराचा आलेख काढून ग्रामसभेत दाखवला अन् पत्र्यावर चुना मारायचं काम मंजूर झालं. मी 2 वर्षं अर्ज करत होतो त्याचं काही झालं नव्हतं.

एक_पालक
पालक म्हणून एक विनंती, घाबरवू नका. शाळेत पृथ्वी संपणार असं ऐकून आल्यावर माझी मुलगी रात्री पंखा बंद करून घामाघूम झोपायची, फार वाईट वाटलं. सायकलवर शाळेत येणाऱ्या पोरांनी धूर केलेला नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. सुप्रीम कोर्टानं 1991 सालीच पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलंय, नववी-दहावीला जलसुरक्षा विषयही आला, पण मार्कांपुरतं लिहून वही जमा केली तर पोरांच्या हाती काय राहणार?

शिवार_मास्तर
मनापासून आभार. बाटली आजच कापली. खड्ड्याचं विचारणाऱ्या त्या पोरीचं घर शाळेला लागूनच आहे, सुट्टीतली नोंद आणि रोपांचं पाणी मी बघते म्हणाली. बाई, पाऊस जोराचा असला की पाणी उडून बाहेर जातं, त्याला काय करता?