बातमीत जात कुणाची छापतात?

एकांनी लिहिलंय की मनात काही नसेल तर बोलण्यात जातीवरून आलेल्या शब्दांनी काही बिघडत नाही. अर्धवटच पटलं. बातम्यांचंच बघा ना. बिल्डरने लोकांचे पैसे बुडवले तर तो नुसता बिल्डर असतो, त्याची जात कोणी छापत नाही. गावाकडे घरफोडी झाली की मात्र ‘पारधी टोळी’ थेट मथळ्यात, तपास लागायच्या आधीच! इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो १९५२ साली रद्द झाला, आपल्या तोंडी अजून लागू आहे. सोलापुरात या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात.

आमच्या एसटी स्टँडवर पारधी फुगेवाली जवळ आली की बाकावरच्या बायका बोलता बोलता पर्स कुशीत ओढतात. कधी काही चोरीला गेलंय का विचारलं तर नाही म्हणतात, ऐकलेलं असतं फक्त. चांगल्या बायका आहेत हो, मनात खरंच काही नसतं त्यांच्या.

माझ्या मते गुन्ह्याच्या बातमीत जमात छापूच नये. फरार माणसाचं वर्णन द्यायचंच असेल तर उंची, कपडे, गाडीचा नंबर द्या.