दहावीनंतर ठरवून आयटीआयला गेलेल्यांनी सांगा, का गेलात?

औसा_०९

नमस्कार. मी औसा तालुक्यातला, लातूर जिल्हा. यंदा दहावी झाली, ८१ टक्के. आमच्याकडं एवढे मार्क पडले की पुढं काय करणार हे कुणी विचारतच नाही, लातूरला रूम करायची, क्लास लावायचा, नीट नाहीतर जेईई, हे ठरलेलंच असतं. माझे निम्मे दोस्त गेले पण. पप्पा पण तेच म्हणायलेत आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणत नाही, ते जन्मभर उन्हात राबलेत, पोरानं सावलीत बसावं एवढंच त्यांना वाटतं.

पण मला इलेक्ट्रिशियन ट्रेडला जायचंय. आमच्या गावात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, तिथं मी आठवीपासून सुट्टीत जाऊन बसतो. जळालेली मोटार उघडायची, जुन्या कॉईलचे वेढे मोजायचे, तारेचा गेज बघायचा, नवीन कॉईल बसवून वॉर्निश मारायचं, हे आता बऱ्यापैकी जमतंय. मोटार परत फिरली की जे वाटतं ते मला केमिस्ट्रीच्या पुस्तकात कधी वाटलं नाही. दुकानवाले मामा पण म्हणतात की आयटीआय कर, माझ्यासारखं नुसतं बघून बघून शिकू नको, थिअरी पाहिजे.

घरात म्हणलं तर काका म्हणाले तिथं नापास पोरं जातात. म्हणून विचारायलो, ज्यांना दुसरीकडं ॲडमिशन मिळत होतं तरी जे आयटीआयला नाहीतर तसल्या हाताच्या कामाला गेले त्यांनी सांगा का गेले. पगाराचे आकडे नकोत, ते यूट्यूबवर लई आहेत. पप्पांना वाचून दाखवणार आहे.

टूलरूमवाला

संभाजीनगरचा आहे. मी दहावीनंतर इथल्या इंडो जर्मन टूल रूमची एंट्रन्स देऊन टूल अँड डाय मेकिंगचा, म्हणजे पत्रा कापायचे, पार्ट घडवायचे साचे बनवायचा, ४ वर्षांचा डिप्लोमा केला. तिथली फी सरकारी आयटीआयपेक्षा बरीच जास्त आहे हे आधीच सांगतो. तोच ट्रेड आयटीआयला पण आहे, २ वर्षांचा. दहावीला मला तुझ्यापेक्षा चार टक्के जास्त होते, त्यामुळे काकांचं ते वाक्य मीही भरपूर ऐकलंय.

का गेलो म्हणशील तर मला गणित आवडायचं पण नुसतं कागदावरचं नाही. टूलरूममध्ये गणित हाताला लागतं. पत्रा कापायची डाय घे, पंच (वरून दाबणारा भाग) आणि डायमध्ये किती फट ठेवायची हे पत्र्याची जाडी आणि मटेरियल बघून ठरतं, ती फट चुकली की पार्टच्या कडेला बर, म्हणजे धारदार कंगोरा, येतो आणि तो बर बोटाला लागतो, म्हणजे तुझं उत्तर चुकलं हे मास्तरनं सांगायची गरजच नाही. किंवा स्टीलचा १०० मिमीचा तुकडा १० डिग्रीनं तापला की साधारण १२ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतो, आता आमचा टॉलरन्सच, म्हणजे मापात चालणारा फरक, कधी कधी ५ मायक्रॉन असतो, मग ग्राइंडरवरून गरम गरम जॉब काढून मापला तर ते माप खोटंच येणार. म्हणून जॉब थंड होईपर्यंत थांबायचं. हे फिजिक्समध्ये मी वाचलं होतं पण कळलं मायक्रोमीटर हातात आल्यावर.

सुरुवातीचे महिने नुसतं फाइलिंग. व्हाइसला फ्लॅट बांधायचा आणि फाईल मारत राहायची, काटकोन बघायचा, उजेड दिसला की परत मारायची. हाताला फोड येतात आणि सोबतची दोन-तीन पोरं तिथंच सोडून जातात. मला वाटायचं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं, असताना हे कशाला, पण आज वायरकट आणि स्पार्कवरून (विजेच्या ठिणगीनं धातू कापणाऱ्या मशिनवरून) आलेला पार्ट शेवटी हातानंच फिट करावा लागतो आणि तेव्हा किती काढायचं हे बोटांना कळतं. ही बोटं कुणी काढून घेऊ शकत नाही, कंपनी बदलली तरी ती माझ्याबरोबर येतात. मला दहावीत हे इतकं स्पष्ट सांगता आलं नसतं, पण ओढ हीच होती.

पप्पांना सांग सावलीतलं काम आहे, बऱ्याच टूलरूमला तर एसी असतो, मशिन आणि मापासाठी का होईना.

करवीरची_लेक

भावा मी टर्नर, म्हणजे लेथ मशिनवर जॉब फिरवून घासणारी. कोल्हापूर. अकरावी कॉमर्सला नाव लागलं होतं ते काढून आयटीआयला गेले.

आमचा बाबा फौंड्रीत हाय, शिरोलीला. लहानपणापासून घरात कास्टिंग, मोल्डिंग, ब्लोहोल हेच शब्द. तर मला कायम वाटायचं की हे कास्टिंग आपल्या इथनं बाहेर पडतं ते खडबडीत असतं, मग ते गाडीत बसण्याइतकं गुळगुळीत होतं कुठं? ते बघायचं होतं मला. बाबाला म्हटलं तुम्ही ओतता, मी घासते. तो हसला पण दुसऱ्या दिवशी फॉर्म भरायला आला बरोबर.

मुलींना आयटीआयमध्ये ३० टक्के जागा असतात राखीव, तरी आमच्या बॅचला टर्नरला मुली बोटावर मोजण्याइतक्या. बहुतेक जणी कोपा (कॉम्प्युटरचा ट्रेड) नाहीतर ड्रेसमेकिंगला, घरचे तिकडंच पाठवतात. लेथवर पहिल्यांदा थ्रेड कटिंग केलं ते मी कधी विसरणार नाही, हाफ नट (टूलला आट्याच्या गतीनं पुढं नेणारा नट) बरोबर वेळेला टाकायचा, डायल चुकली की आधीचा आटा गेलाच. मेट्रिक आट्याची खोली पिचच्या, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतराच्या, ०.६१३ पट, म्हणजे २.५ पिचला दीड मिमीच्या जरा वर, आणि ती एकदम नाही घ्यायची, थोडी थोडी. आता सीएनसीवर जी ७६ ही आट्याची कमांड टाकली की मशिन सगळं आपण होऊन करतं. पण टूल का तुटला, आटा का फाटला हे ज्यानं हातानं केलंय त्यालाच लगेच कळतं. मी आता सेटर हाय. नवीन जॉब लागला की प्रोग्रॅम, ऑफसेट, पहिला पीस पास करणं माझ्याकडं. माझ्या हाताखाली डिप्लोमावाले पण हायत आणि आमचं चांगलं जमतं.

अडचण पण सांगते, नुसतं गोड लिहिलं तर तुझे पप्पा विश्वास ठेवणार न्हाईत. पहिल्या कंपनीत बायकांना धड बाथरूम नव्हतं, सेकंड शिफ्ट सुटली की घरी यायला बस नव्हती. मी सोडली ती. आता कुठल्याही पोरीला मी सांगते की पगार मग विचार, आधी बाथरूम आणि बस विचार. पोरांना हे लागत नाही पण दिवसभर उभं राहणं सगळ्यांनाच हाय, पाय दुखतात.

आणि काकांना सांग की टर्नरला मेरिट लागतं चांगल्या सरकारी आयटीआयला, इलेक्ट्रिशियनला तर अजून जास्त. नापास पोरांना तिथं नंबरच लागत न्हाई.

लोटे_पाईपवेल्डर

थोडक्यात लिहितो, साइटवर आहे. वेल्डर ट्रेड, १ वर्षाचा. बारावी सायन्स करून मग गेलो. मला असं काम हवं होतं ज्यात चांगलं-वाईट माणसाच्या मर्जीवर ठरत नाही. पाईप ४५ अंशात बांधलेला असतो, फिरवता येत नाही, आपण त्याच्याभोवती फिरायचं, त्याला ६जी म्हणतात. रूट म्हणजे आतला पहिला थर टिग वेल्डिंगने, वर ७०१८ नंबरचा रॉड, रॉड ओव्हनमध्ये गरम ठेवलेला पाहिजे नाहीतर ओल धरतो आणि वेल्डमध्ये दोष येतो. मग एक्स-रे काढतात. फिल्मवर जे आहे ते आहे, ओळख चालत नाही. ऑफिसात ९ वर्षं काढलेल्या माझ्या भावाला हे सुख नाही. डोळ्यांची आणि फुफ्फुसाची काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घ्यायची, मास्क न लावता काम करणाऱ्या उस्तादांचं ऐकू नकोस.

बार्शीवायरमन

वरच्यांनी आवड सांगितली, सगळं खरं आहे. मी तुझ्याच ट्रेडचा, इलेक्ट्रिशियन, त्यामुळं पप्पांना जे प्रश्न पडतील तेवढ्यावर लिहितो कारण माझ्या वडिलांना पण तेच पडले होते.

पहिला प्रश्न, पुढं शिक्षण बंद होतं का. नाही. २ वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला डायरेक्ट जायचा रस्ता आहे, तिथून डिग्रीला पण. माझा मित्र तसाच गेला. मी नाही गेलो कारण मला धंदा करायचा होता.

दुसरा, नोकरी. आयटीआयनंतर ॲप्रेंटिस करायचीच, १९६१ चा कायदा आहे त्यासाठी, रेल्वे, एसटी, महावितरण, मोठ्या कंपन्या सगळे घेतात. स्टायपेंड मिळतो पण त्यात शहरात रूम आणि मेस भागवताना जीव जातो हे धरून चाल. आणि ॲप्रेंटिस झालास म्हणजे तिथंच परमनंट होशील असं कायदा म्हणत नाही, वर्ष संपलं की बहुतेकांना घरी पाठवतात. मग खरी अडचण सुरू होते, ठेकेदार. तेच काम, तोच पॅनल, पण परमनंटवाल्याच्या निम्म्यावर, आणि दर काही महिन्यांनी ब्रेक. मी केलंय ते पुण्याकडं, ठेकेदारानं पीएफ कापला पण भरलाच नाही. त्याबद्दल मला आजही राग आहे. तुझ्यासारखी हुशार पोरं ह्या लाईनीत येत नाहीत त्याचं अर्धं कारण काकांसारखे लोक आणि अर्धं हे ठेकेदार, असं माझं स्पष्ट मत आहे. स्लिप घ्यायची, यूएएन (पीएफ खात्याचा) नंबर टाकून स्वतः बघायचं पैसे जमा होतात का.

मग मी गावाकडं आलो, लायसन्स काढलं, आणि इथं मात्र इलेक्ट्रिशियनसारखा ट्रेड नाही. शेतीच्या मोटारी आहेतच, आता सोलर आहे. २०२४ ला पीएम सूर्यघर आली, ३ किलोवॉटला ७८ हजार सबसिडी, तेव्हापासून छतावरचं काम वाढलं. शेतात सौर पंप. पण नुसतं पॅनल बसवणारे लई झालेत, अर्थिंग धड करणारा मिळत नाही. परवा एका ठिकाणी गेलो तर अर्थिंगची पट्टी खड्ड्यात नुसती टाकून दिलेली, वर सिमेंट. असल्या कामानं माणूस मरतो. तुझे मामा म्हणतात ते शंभर टक्के खरं, थिअरी पाहिजे. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटार आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात नेणारा) का लावायचा हे बघून बघून शिकलेल्याला सांगता येत नाही, जोडता येतो फक्त. स्टारमध्ये सुरू केली की लाईनवर करंट डायरेक्ट डेल्टात सुरू केल्याच्या एक तृतीयांश येतो, पण टॉर्क (फिरवायची ताकद) पण तेवढाच कमी होतो, म्हणून भरलेल्या लोडवर ती मोटार उचलत नाही. हे ज्याला कळलं तो मोटार जाळत नाही.

औसा_०९

सगळ्यांचे मनापासून आभार. पप्पांना सगळं वाचून दाखवलं. ताईचं बाथरूम-बसवालं त्यांनी दोनदा वाचायला लावलं, म्हणाले पोरगी खरं बोलायली. ठेकेदाराचं वाचून मात्र गप्प झाले. आता म्हणतात आधी आयटीआय बघू मग बोलू. तर बघताना काय बघायचं? आणि एक, टूलरूमवाले दादा, तुमचं वाचून आता टूल अँड डाय पण डोक्यात आलंय, फॉर्ममध्ये दोन्ही टाकू का?

बार्शीवायरमन

प्रॅक्टिकल चालू असताना जा, सुट्टीच्या दिवशी नको. मशिनवर धूळ आहे का तेल आहे ते बघ. इलेक्ट्रिशियनच्या वर्कशॉपमध्ये वाइंडिंगची तार, केबल, एमसीबी पोरांच्या हातात आहेत का कपाटात सील आहेत. निदेशक किती आणि किती जागा रिकाम्या हे ऑफिसात नको, पोरांना विचार, ती खरं सांगतात. सरकारी मिळत असेल तर प्रायव्हेटकडं बघू नको, काही ठिकाणी नुसतं बोर्ड आणि हजेरी आहे.

टूलरूमवाला

दोन्ही टाक पण क्रम विचार करून लाव. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचंच लागलं तर तिथं ॲडमिशन घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून एक नंबरला तेच टाक जे लागलं तर तू त्याच दिवशी जाशील. आणि तू वेढे मोजण्याबद्दल जे लिहिलंयस ना, मला विचारशील तर इलेक्ट्रिशियन वर ठेव. टूलरूम बघायची असेल तर पप्पांना घेऊन संभाजीनगरला ये, चिकलठाण्यात मी दाखवतो.

करवीरची_लेक

मूळ मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला असेल तर तो, सगळ्याच्या झेरॉक्स आधीच काढून ठेव. आमच्या वेळी फेरी लागल्यावर झेरॉक्सच्या दुकानात अर्धा दिवस गेला होता.