मदत हवी आहे: वीरगळी, मोडी कागद आणि घाटवाटांची नावं. काय टाकावं आणि काय राखून ठेवावं?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथे नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबलाय जरा, सांभाळून घ्या.

माझं आजोळ गुंजण मावळात, म्हणजे राजगड-तोरण्याच्या पायथ्याचा भाग, जुना वेल्हे तालुका. गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये, का ते खाली कळेलच. नोकरी पुण्यात, शिक्षण कॉमर्सचं, पण गेली सहा वर्षं जमेल तसा शनिवार-रविवार तिकडं जाऊन जुन्या गोष्टी टिपून ठेवायचा नाद लागलाय. सुरुवात सगळ्यांसारखी गडांपासूनच झाली, पण गडांवर लिहिणारे भरपूर आहेत, मला ओढ लागली ती खालच्या गावांची. देवळामागं पडलेल्या सतीशिळा, कोकणात उतरणाऱ्या वाटा, कुठल्या खिंडीला कोण काय म्हणतं. मढे घाट सगळ्यांना माहितीय, तानाजी मालुसऱ्यांचा देह तिथून उमरठ्याला नेला असं सांगतात, त्यामुळं तिथं गर्दी असते. पण त्याच कड्याला उपांड्या, गोप्या, शेवत्या, बोराट्याची नाळ अशा वाटा आहेत आणि त्यांच्या अधेमधे बारक्या निसण्या, म्हणजे अवघड अरुंद उताराच्या पायवाटा, ज्यांची नावं मला कुठल्या नकाशावर सापडली नाहीत, फक्त धनगरवाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक. एका आजीनं मला एकाच वाटेवरच्या सात जागांची नावं ओळीनं सांगितली होती, पाणी कुठं, बैल कुठं थांबवायचे, कोकणातून मीठ घेऊन वर येताना ओझी कुठं टेकायची. पुढच्या उन्हाळ्यात गेलो तर आजी नव्हत्या. ती सात नावं आता माझ्या वहीत आहेत, आणि दुसरीकडं कुठंच नाहीत याची मला खरंच भीती वाटते.

आता मुख्य अडचण सांगतो.

तीन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका आबांनी त्यांच्या बांधाजवळची वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराची स्मृतिशिळा, दाखवली. कमरेइतकी उंच, बरीचशी मातीत गेलेली, दिवसा बघितलं तर नुसता झिजलेला काळा दगड. आबा म्हणाले अंधार पडू दे, मग दिसंल. जेवून परत आलो, त्यांनी टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा धरला आणि एकेक आकार सावलीतून वर यायला लागला. सगळ्यात खाली तीन गाई आणि त्यांच्यापुढं ढाल-तलवार घेतलेला माणूस, म्हणजे गावची गुरं सोडवताना पडलेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दंडाला धरून घेऊन चालल्यात. वर तोच माणूस शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय आणि टोकाला चंद्र-सूर्य. टॉर्च जरा सरळ केला की सगळं गायब, पुन्हा आडवा केला की पुन्हा हजर. आम्ही तासभर तेच करत बसलो होतो.

मी हौसेनं फोटो एका मोठ्या फेसबुक ग्रुपवर टाकले, आणि लोकांनी विचारलं म्हणून लोकेशनही टाकलं. पावसाळ्यानंतर गेलो तर वीरगळीच्या बुडाशी छातीएवढा खड्डा, दगड पालथा पडलेला, सूर्याकडचा कोपरा तुटलेला. गुप्तधनासाठी कुणीतरी रातोरात खणलं होतं. आबा एवढंच म्हणाले, "तुझ्या फोटूनं पाव्हणं आलं बघ." आम्ही दोघांनी आणि त्यांच्या नातवानं पहार लावून दगड उभा केला. तुटलेला तुकडा आबांनी घरात देवळीत ठेवलाय. चूक माझी होती. त्या दिवसापासून मी एकही ठिकाण ऑनलाइन टाकलेलं नाही, पण मग माझ्याकडच्या चाळीसेक दगडांच्या नोंदी, वाटांची नावं, म्हाताऱ्यांची रेकॉर्डिंगं हे सगळं हार्ड डिस्कमध्ये पडून आहे, आणि मला काही झालं तर तेही जाणार. तुम्ही लोक ही मर्यादा कशी ठरवता? गावाचं नाव द्यावं का, नुसतं खोरं सांगावं, का काहीच देऊ नये?

दुसरं, आबांच्या घरात मोडीतले अकरा कागद आहेत. एवढं होऊनही ते त्यांनी मलाच दाखवले, त्यामुळं मला ते फार जपून करायचंय. आठ महिने झाले मोडी शिकतोय, पण क्लासमध्ये शिकलो ते सुटसुटीत अक्षर, आणि इथं बोरूनं एका दमात ओढत नेलेलं, शब्द कुठं तुटतो तेच कळत नाही. पाटीलकीचा काहीतरी तंटा आहे एवढं लागतंय. एका कागदावर वर्षाच्या जागी "सुहूर सन तिसा अशरीन मया व अलफ" आणि खाली "छ ११ रमजान" असं वाचलंय. शक नाही, संवत्सर नाही. हे कुठलं साल? आणि मावळातल्या जुन्या घरात रमजान कशाला आला असं आबांच्या नातवानं विचारलं, त्याला मला नीट उत्तर देता आलं नाही.

तिसरं, आमच्या भागाची जुनी दफ्तरं नक्की कुठं शोधायची? पुणे जिल्हा म्हणून शोधतो तर हाती फार काही लागत नाही.

प्रतिसाद १

वाचन बरोबर आहे तुमचं, अभिनंदन. हे आकडे अरबी आहेत, आणि मोडीत ते सुट्टे आधी, शेकडा-हजार नंतर असे येतात. तिसा म्हणजे नऊ, अशरीन वीस, मया शंभर, अलफ हजार. झाले ११२९. सुहूर सनाचं वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून इसवी साल काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेसाठी सनाच्या आकड्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे तुमचा कागद १७२८ च्या जून ते १७२९ च्या मे-जूनमधला. 'छ' म्हणजे चंद्र, त्यापुढं मुसलमानी महिन्याची तिथी. त्या वर्षीचा रमजान मार्चअखेर लागला होता, तेव्हा ११ रमजान म्हणजे साधारण १० एप्रिल १७२९, जंत्री (जुन्या-नव्या तारखा जुळवायचं कोष्टक) उघडून एक दिवस पुढं-मागं पक्कं करून घ्या. शाहू महाराजांच्या आणि पहिल्या बाजीरावांच्या काळातला कागद आहे तुमच्या हातात!

नातवाला सांगा, दफ्तराची ही रीत सुलतानांच्या काळापासून चालत आलेली, ती मराठ्यांच्या राज्यातही तशीच चालू राहिली. शेतसारा पिकावर, पीक पावसावर, म्हणून वर्ष मृगाला; तिथी मात्र मुसलमानी महिन्याची, चंद्रावर चालणारी.

फोटो काढताना फ्लॅश मारू नका, खिडकीच्या उजेडात काढा, शेजारी पट्टी ठेवा आणि दोन्ही बाजूंचे काढा. मागच्या बाजूला बऱ्याचदा शेरा किंवा शिक्का असतो, लोक तेच विसरतात.

प्रतिसाद २

कृपा करून ते कागद कुणी लॅमिनेट करून देतो म्हणालं तर देऊ नका. आमच्या घरातला वतनाचा कागद काकांनी प्रेमापोटी लॅमिनेट करून आणला, चार वर्षांत पिवळा पडला आणि आता काढताही येत नाही. सेलोटेपही नको. मऊ सुती कापडात सपाट ठेवा, घडी घालू नका.

प्रतिसाद ३

दफ्तराचं सांगतो. तुम्ही पुणे जिल्हा शोधताय, तिथंच घोळ आहे. तुमचा बराचसा मुलूख भोरच्या पंतसचिवांचा, म्हणजे भोरच्या संस्थानिकांचा होता. भोर संस्थानाचे तालुके होते विचित्रगड, प्रचंडगड, राजगड, पवनमावळ आणि सुधागड. यातला प्रचंडगड म्हणजे तुमचा तोरणा. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, त्याच्या आधीचं काहीही शोधताना जिल्ह्याच्या नावानं नको, भोर संस्थान आणि या तालुक्यांच्या नावानं विचारा. इंग्रजांच्या काळात भोर साताऱ्याच्या जहागिऱ्यांत धरायचे, म्हणून १८८५ चं पुण्याचं गॅझेटियर बघितलं असेल तर साताऱ्याचंही बघा. पुण्याच्या पुराभिलेखागारात आणि भारत इतिहास संशोधक मंडळात जाताना गावाचं जुनं नाव, तर्फ (गावांचा जुना महसुली गट) आणि देशमुखांचं आडनाव लिहून न्या, गुंजण मावळ म्हटलं की शिळीमकर हे तिथं लगेच कळतं. शिवाय जुने फेरफार आणि गावनकाशा काढा, शेतांच्या नावांत फार काही दडलेलं असतं.

आता ठिकाणाबद्दल. मी स्वतः दोन वह्या ठेवतो. पहिलीत अक्षांश-रेखांशासकट सगळं, तिची एक प्रत राज्य पुरातत्त्व खात्याच्या विभागीय कार्यालयात अर्जासोबत दिलीय, पोच घेऊन. दुसरी लोकांसाठी, तिच्यात फक्त खोरं, शिल्पाचं वर्णन, मापं आणि जवळून काढलेला फोटो, मागचा डोंगर दिसला तरी जागा ओळखता येते म्हणून तो कापलेला. फोटोच्या फाईलमध्ये लोकेशन असतं तेही पुसायचं. वाटांची नावं मात्र बिनधास्त टाका. नावं कुणी खणून नेत नाही, आणि ती वापरली नाहीत तरच मरतात. त्या सात जागांची नावं आधी टाका, आजीनं उच्चारली तशीच, शुद्ध करायला जाऊ नका.

आणि खणणाऱ्यांचं म्हणाल तर दहा रुपयांच्या वर किमतीचं पुरलेलं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, हा कायदा १८७८ पासून आहे. ग्रामसभेत एकदा वाचून दाखवा, फरक पडतो. आमच्याकडं पडला.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. १७२९ हे वाचून लगेच आबांना फोन लावला, ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग विचारलं, "म्हंजी आमच्या कितव्या पिढीचा?" आता वंशावळीच्या मागं लागलोय.

सात नावं आज रात्री वेगळ्या धाग्यात टाकतो, आजीच्या घरच्यांना विचारलंय, त्यांची हरकत नाही. उलट आजीचं नावही घाला म्हणाले, पण ते मी इथं न घालता वहीतच ठेवतो.

आणि अकराच्या अकरा कागदांचे मी फक्त पुढच्या बाजूचे फोटो काढलेत. रविवारी परत जातोय.