वीजखरेदीसाठी ऊर्जा दलाल नेमावा का?

प्रश्न – शीतगृह

आमच्या शीतगृहाचा वीजपुरवठ्याचा करार चार महिन्यांनी संपतो आहे. आतापर्यंत आम्ही पुरवठादाराशी थेट बोलूनच दर ठरवत आलो. या वेळी मात्र एका ऊर्जा दलालाने संपर्क साधला असून, अनेक पुरवठादारांकडून कोटेशने मागवून त्यांतील सर्वांत फायद्याचे मिळवून देऊ आणि त्यासाठी तुमच्याकडून काहीही घेणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. संचालकांना ही कल्पना पसंत पडली आहे. हिशेब माझ्याकडे असल्यामुळे मला मात्र असा प्रश्न पडतो की, फुकट काम करणाऱ्याचे पोट कशावर चालते? दलाल नेमके काय करतो आणि त्याने पाठवलेल्या अधिकारपत्रावर सही करण्यापूर्वी काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1 – खरेदी विभाग, निवृत्त

आपली शंका रास्त आहे. दलाल स्वतः वीज विकत घेत नाही आणि पुरवतही नाही. तो केवळ मध्यस्थ असतो. त्यामुळे तारा, मीटर आणि बिघाड झाल्यावर येणारी माणसे यांत काही फरक पडत नाही. त्याची दलाली बहुतेक वेळा पुरवठादार देतो हे खरे, पण ती दर युनिटमागे आपल्याच दरात मिसळलेली असते. वर्षाला 5 लाख युनिट वापरणाऱ्या ग्राहकाने तीन वर्षांचा करार केला, तर युनिटमागची ती चिमूटभर रक्कम 15 लाख वेळा मोजली जाते. करार जितका लांब तितकी दलाली मोठी, हेही त्यातच आले; म्हणून दलाल पाच वर्षांच्या कराराचा आग्रह धरू लागला, तर तो सल्ला कोणाच्या सोयीचा आहे, हे आधी पाहावे.

दलाली किती, हे लेखी मागण्यात संकोच करू नये. ब्रिटनमधील नियामकाने तर ऑक्टोबर 2022 पासून अगदी लहान व्यवसायांसाठी आणि ऑक्टोबर 2024 पासून सर्वच बिगरघरगुती ग्राहकांसाठी ही रक्कम करारात दाखवणे बंधनकारक केले आहे. युनिटमागे दलाली घेण्याऐवजी ठरावीक शुल्क आपल्याकडून थेट घेणारेही काही सल्लागार असतात. मला स्वतःला तीच पद्धत अधिक स्वच्छ वाटते, कारण मग वापर वाढला म्हणून त्यांची कमाई वाढत नाही.

उत्तर 2 – मीटरचे आकडे

दलाली दिली म्हणजे पैसे वाया गेले, असे मात्र मी म्हणणार नाही. आमच्याकडे एकदा दोन कोटेशने आली होती आणि त्यांतील एकाचा दर डोळ्यांत भरण्याइतका कमी होता. आमच्या दलालाने दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले की, महाग दिसणाऱ्या दरात पारेषण आणि वहन आकार, म्हणजे वीज तारांवरून आपल्यापर्यंत आणण्याचा खर्च, धरलेले होते, तर स्वस्त दिसणारा दर निव्वळ विजेचा होता. बाकीचे आकार ‘प्रत्यक्षानुसार’ लागणार होते. मागील बारा महिन्यांच्या वापरावर दोन्ही मांडून पाहिले, तेव्हा स्वस्त कोटेशन महाग निघाले. सगळी कोटेशने एकाच मापाने मोजणे, हे माझ्या मते दलालाचे खरे काम आहे.

शीतगृहाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. आपले कंप्रेसर रात्रीही चालतात आणि माल आधीच अधिक थंड करून ठेवून महागड्या तासांतील काही भार पुढेमागे सरकवता येतो. दलालाने दर अर्ध्या तासाच्या नोंदी मागितल्या आणि आपल्या भाररेषेचा, म्हणजे दिवसभरात वापर कधी किती असतो याचा, फायदा पुरवठादारांसमोर मांडला, तर तो कामाचा माणूस आहे. केवळ शेवटचे बिल मागून दर सांगू लागला, तर ते काम आपणही दूरध्वनीवरून करू शकता. वापराची मर्यादाही विचारून घ्यावी. काही करारांत वापर अंदाजापेक्षा ठरावीक टक्क्यांहून कमी वा जास्त झाला, तर फरकाची किंमत ग्राहकाकडून वसूल करतात. हंगाम बुडाला आणि अर्धी दालने रिकामी राहिली, की हेच कलम अंगाशी येते.

उत्तर 3 – एक मीटर, एक बिल

एक पायरी मागे जाऊन सांगतो. जेथे ग्राहकाला पुरवठादार निवडता येत नाही आणि दर नियामकच ठरवतो, तेथे कोटेशने मागवणाऱ्या दलालाला फारसे कामच उरत नाही. जेथे निवड आहे, तेथेही आमच्यासारख्या एकाच मीटरच्या लहान कार्यालयाने तीन पुरवठादारांना स्वतः विचारले तरी पुरते. अनेक जागा, वेगवेगळ्या तारखांना संपणारे करार आणि वाढता-घटता वापर असेल, तर मात्र दलालाने मुदतीच्या तारखा सांभाळणे हेच मोठे काम ठरते. कारण सूचना देण्याची मुदत हुकली, तर करार आपोआप पुढे चालू राहतो किंवा कराराबाहेरचा चढा दर लागतो.

शीतगृह

सर्वांचे आभार. उत्तरे वाचून अधिकारपत्र पुन्हा नीट पाहिले. पहिल्या परिच्छेदात वापराची माहिती मिळवण्याचा आणि कोटेशने मागवण्याचा अधिकार आहे, त्याला आमची हरकत नाही. तिसऱ्या परिच्छेदात मात्र ‘ग्राहकाच्या वतीने करार करणे’ असे शब्द असून मुदतीचा रकाना कोरा आहे. तो परिच्छेद खोडून, मुदत तीन महिने लिहून आणि किती पुरवठादारांना विचारणार त्यांची यादी व युनिटमागची दलाली लेखी मागून पत्र परत पाठवले आहे. यादी आज सकाळी आली. दलालीचा रकाना अजून रिकामाच आहे, त्यामुळे सही थांबवली आहे.