मदत हवी आहे: बावीस वर्षांनी रेकॉर्ड्स पुन्हा ऐकायच्या आहेत. जुनं टर्नटेबल दुरुस्त करू की नवीन घेऊ?

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात बाबांच्या रेकॉर्ड्सचे दोन खोके माळ्यावरून खाली काढले. मोजल्या तर १३४ भरल्या. बहुतेक एलपी, वीसेक छोट्या, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या, आणि अगदी तळाशी जाड पुठ्ठ्याच्या पाकिटांत सात लाखेच्या, ७८च्या. घर बदललं, सीडी आल्या, मग सगळं मोबाइलवर गेलं, आणि हे खोके बावीस वर्षं कुणी उघडले नाहीत. सोबत बेल्टवर चालणारं जुनं टर्नटेबल आहे. अँप्लिफायर तेव्हाच बंद पडला होता. स्पीकरच्या कोनाभोवतीच्या फोमला बोट लावलं तर त्याचा भुगा हातात आला, म्हणून ते टाकून दिले.

माझ्याकडे कॉम्प्युटरला लावायचे, आत अँप्लिफायर असलेले स्पीकर आहेत. टर्नटेबलच्या दोन वायरी थेट त्यांनाच जोडल्या. सुई टेकली, आधी ती ओळखीची चरचर आली आणि मला भरून आलं. पण गाणं सुरू झालं तेव्हा आवाज असा की शेजारच्या घरात कुणीतरी बारीक आवाजात ट्रान्झिस्टर लावलाय. व्हॉल्यूम पूर्ण वाढवला तरी तेच. तबल्याचा डग्गा जवळजवळ नाहीच, आणि ‘स’ आला की कानात टोचतो. रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्याला हे टोचणं आणखी वाढतं.

दुसरी गोष्ट वेगाची. भाऊ पेटी वाजवतो. तो ऐकल्या ऐकल्या म्हणाला, सूर उतरलेला आहे. मोबाइलवर तेच ध्वनिमुद्रण लावून बघितलं, त्याचं बरोबर होतं. मग तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून मोजलं. ३३⅓च्या वेगाने तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे व्हायला हवेत. तीनदा मोजले, तिन्ही वेळा ९७.

भिंगातून सुई पाहिली तर टोकावर तपकिरी लोकरीसारखा गोळा होता. मऊ ब्रशने मागून पुढे असा हळूच काढला. सुई किती वाजली आहे याचा काहीच अंदाज नाही.

आता माझा गोंधळ. हे दुरुस्त करण्यात अर्थ आहे का, की सरळ नवीन घ्यावं? भाचीकडे तो सुटकेससारखा प्लेअर आहे, स्पीकर आतच. सोयीचा वाटतो, पण त्याच्यावर बाबांच्या रेकॉर्ड्स लावायला हात धजत नाही. माझी भीती खरी आहे का? नवीन घ्यायचंच तर वेगळा अँप्लिफायर आणि साधे स्पीकर, की असेच अँप्लिफायर आत असलेले स्पीकर? खोली दहा बाय बाराची आहे. मोठ्या आवाजात ऐकायची सवय नाही. रात्री जेवणं आवरल्यावर एक बाजू, फार तर दोन. आणि त्या सात ७८ ह्याच सुईने वाजवून बघू का?

ह्यातली एक एलपी माझ्यासाठी वेगळी आहे. मी सात वर्षांची असताना माझ्या हातून तिच्यावर टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आपटला होता. तेव्हापासून तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला पाच-सहा वेळा ‘टक्’ असं होतं. मोबाइलवर ते गाणं ऐकताना तो टक् येत नाही आणि मी मनातल्या मनात भरून घेते. ती रेकॉर्ड अजून लावलेली नाही. सगळं नीट झाल्यावरच लावणार आहे.

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

ताई, घाईने काही घेऊ नका. तुमचं मशीन बहुधा ठणठणीत आहे.

आवाज बारीक येतो कारण मधला एक टप्पा गाळला गेलाय. रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबतात आणि वरचे उचलतात. खर्ज आहे तसा कापला तर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर वीस मिनिटं मावायची नाहीत. वरचे सूर चढवल्यामुळे पुढे खरखर दाबता येते. वाजवताना हे सगळं उलटं फिरवावं लागतं. १९५४पासून त्याचं आरआयएए नावाचं प्रमाण ठरलेलं आहे. २० हर्ट्झला जवळपास २० डेसिबल वाढवायचे आणि २० किलोहर्ट्झला तेवढेच उतरवायचे. तुमच्याकडे हे उलटं फिरवलंच जात नाहीये, म्हणून डग्गा गायब आणि ‘स’ टोचरा. शिवाय मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (कार्ट्रिज म्हणजे टोनआर्मच्या टोकाची, सुई बसते ती छोटी डबी) निघतात जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट. स्पीकरला लागतात शेकड्यांनी. ही दोन्ही कामं फोनो प्रीअँप करतो. छोटी डबी असते, तुमच्या आहे त्या स्पीकरलाही चालेल. आधी कुणाची तरी मागून आणून ऐका.

तीन मिनिटांत ९७ फेरे म्हणजे तीन टक्के कमी, साधारण अर्ध्या स्वराच्याही निम्मा उतरलेला. भावाचा कान तयार आहे! बेल्ट सैल झालाय. बदला. नवा घेताना जुना सपाट दुमडून लांबी मोजा आणि त्याहून किंचित लहान घ्या, कारण जुना ताणलेला आहे. पुली आणि बेल्ट जिथून फिरतो ती कड पुसून घ्या, जुन्या रबराचा चिकटा तिथे हमखास असतो.

सुई मात्र बदलाच, ह्यात तडजोड नको. हिऱ्याचं टोक साधारण ५०० ते १००० तास टिकतं, आणि न वाजवताही आतलं रबर वर्षांनी कडक होतं. बहुतेक कार्ट्रिजची सुई पुढे ओढली की निघते. तशी सुई मिळत नसेल तर कार्ट्रिजच बदला. ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई किंवा ऑर्टोफॉनचं टूएम रेड, दोन्ही सुरुवातीला उत्तम. पहिल्याला रेकॉर्डवर सुईचा २ ग्रॅम भार द्यायचा, दुसऱ्याला १.८. एक छोटा डिजिटल वजनकाटा घ्या, अंदाजाने भार लावू नका.

शेवटच्या गाण्याला टोचतं त्याला भूमिती कारणीभूत आहे. फेऱ्यांचा वेग तोच, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि आतल्या टोकाशी जेमतेम २१. तेवढंच संगीत कमी जागेत कोंबलेलं असतं. झिजलेली सुई तिथे उघडी पडते. लंबगोल टोकाची सुई आणि कागदी प्रोट्रॅक्टरवर कार्ट्रिजचा कोन जुळवला की पुष्कळ फरक पडेल.

सुटकेस प्लेअरबद्दलची भीती खरी आहे. त्यातल्या बऱ्याच मशिनांत सिरॅमिक कार्ट्रिज असतं, भार ५ ग्रॅमच्या घरात, आणि बहुतेकांत तो कमी करायची सोय नसते. स्पीकरही त्याच डब्यात थरथरतो. तुमच्या हाताने बरोबर सांगितलं.

राहिले स्पीकर. दहा बाय बाराच्या खोलीला शेल्फवर मावणारे पुरेत. मी असतो तर अँप्लिफायर आणि साधे स्पीकर वेगवेगळे घेतले असते, कारण पुढे एक बिघडलं तर दुसरं राहतं. पण हे नंतरचं. आणि कोणतेही घ्या, टर्नटेबल असलेल्या टेबलावर ठेवू नका. खर्जाचा हादरा सुईत शिरतो आणि घुमू लागतं.

प्रतिसाद:

७८बद्दल लिहितो. ह्या सुईने वाजवू नका. एलपीच्या सुईचं टोक साधारण ०.७ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे १८ मायक्रॉनचं. ७८ला ३ मिलच्या आसपास लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते, नुसती खरखर येते. वरच्या प्रतिसादातल्या व्हीएम९५ला ७८साठीची वेगळी सुई बसते, त्यामुळे तेच घ्या. टर्नटेबलला ७८चा वेग आहे ना, तेवढं आधी बघा.

आणि धुताना लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोल असलेलं द्रावण लावू नका. लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड पाणी, मऊ फडकं, लेबल कोरडं ठेवा.

धागाकर्ती:

दादा, दोघांचेही मनापासून आभार. पंधरा दिवसांनी लिहिते आहे.

बेल्ट बदलला. १०० फेरे! भावाने मोबाइलशेजारी लावून तपासलं आणि मान डोलावली. व्हीएम९५ई बसवलं, त्यात माझी अख्खी दुपार गेली. चार रंगांच्या त्या केसाएवढ्या वायरी चिमट्याने लावताना श्वास रोखून धरावा लागतो. प्रीअँप एका मैत्रिणीकडून आणला. डग्गा आला. ‘स’ टोचत नाही. ७८ तशाच ठेवल्या आहेत, टर्नटेबलवर तो वेगच नाही.

एकच त्रास उरलाय. रेकॉर्ड नसतानाही मागे सतत ‘हूं’ असा आवाज येतो. टोनआर्मला हात लावला की कमी होतो.

प्रतिसाद:

अर्थिंग. टर्नटेबलच्या मागून सिग्नलच्या दोन वायरींसोबत एक तिसरी बारीक वायर निघते, टोकाला दोन पायांची चकती असलेली. ती प्रीअँपच्या मागच्या स्क्रूला लावा.

धागाकर्ती:

मिळाली! टर्नटेबलखाली गुंडाळी करून सेलोटेपने चिकटवलेली होती, बहुतेक घर बदलताना बाबांनीच. लावली आणि ‘हूं’ थांबला.

मग ती रेकॉर्ड काढली, पुसली, लावली. टक् जिथे होता तिथेच आहे. सहा वेळा.