झुबुंटूवर वरचं पॅनल सारखं क्रॅश होतंय

पोफळी_२४:
नमस्कार मंडळी, आईच्या जुन्या लॅपटॉपवर झुबुंटू २४.०४ (लिनक्सचा एक हलका प्रकार) आहे, रॅम ४ जीबी, आजवर मस्त चाललं पण परवा अपडेट झाल्यापासून लॉगिन केलं की पॅनल दिसतं, दोनचारदा लुकलुकतं आणि मग जातं ते येतच नाही. मेनू नाही, घड्याळ नाही, वायफायचा आयकॉन नाही, उघडलेल्या विंडो मात्र चालू राहतात. ती शिवणकामाची बिलं यावरच करते, सगळं अडलंय. फॉरमॅट नको, तिच्या सवयीप्रमाणे सगळं लावलेलं आहे.

टर्मिनलवाली:
फॉरमॅट कशाला! आधी पॅनल खरंच बंद पडलंय की नुसतं दिसत नाहीये ते बघा, कारण दुसरा मॉनिटर लावून काढला आणि पॅनल त्याच मॉनिटरवर नेमलेलं असलं तरी ते गायब होतं. कंट्रोल-ऑल्ट-टी दाबून टर्मिनल उघडा आणि पीग्रेप एक्सएफसीई४-पॅनल टाका (पॅनलचा प्रोग्राम चालू आहे का ते शोधणारी कमांड, रोमनमध्येच टाका अर्थात). नंबर आला तर ते चालू आहे, काहीच नाही आलं तर क्रॅश.

पोफळी_२४:
काहीच नाही आलं ताई.

जुना_झुबुंटूवाला:
मग प्लगइनवर (पॅनलवर बसणारे घड्याळ, मेनू असे छोटे जोड-प्रोग्राम) संशय घ्या. बरीच प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात, त्यातलं एखादं मेलं तर तेवढंच जातं आणि पुन्हा चालू करू का असं विचारणारी खिडकी येते. पण काही पॅनलच्या पोटातच चालतात, ती मेली की सोबत पूर्ण पॅनल घेऊन जातात, सेशन (लॉगिननंतर सगळं चालू ठेवणारा प्रोग्राम) ते थोड्या वेळा उठवतं आणि मग नाद सोडतं, तुमचं लुकलुकणं तेच असणार. टर्मिनलमध्ये पॅनल_डीबग=१ लिहून पुढे एक्सएफसीई४-पॅनल, एंटर मारा आणि पडण्याच्या आधी शेवटी कुठल्या प्लगइनचं नाव येतं ते बघा. मग यूएसआर/शेअर/एक्सएफसीई४/पॅनल/प्लगइन्स या फोल्डरमधली त्याची डेस्कटॉप फाइल उघडा, त्यात इंटर्नल या ओळीपुढे ट्रू असेल तर ते पोटातलं. आणि कोणी सेटिंग पुसायला सांगितलं तर लगेच पुसू नका हो, आईंचे लाँचर (प्रोग्राम उघडायचे आयकॉन) जातील सगळे.

पोफळी_२४:
सापडलं!! नेटचा स्पीड दाखवणारं प्लगइन, भावाने कुठूनतरी डेब फाइल (इन्स्टॉल करायची पॅकेज फाइल) आणून टाकलेलं, ट्रू आहे. पॅकेज काढून टाकलं, पॅनल परत चालू केलं, अजून तरी टिकून आहे आणि आईचे आयकॉन जागच्या जागी आहेत. खूप आभार दोघांचे.

टर्मिनलवाली:
छान झालं. आता पॅनल प्रेफरन्सेसमध्ये बॅकअप अँड रिस्टोअर असं बटण आहे, तिथून आजची मांडणी सेव्ह करून ठेवा. पुढेमागे सेटिंगची फाइल हटवायची वेळ आलीच तर आधी पॅनल बंद करा, मग एक्सएफकॉन्फडी (सेटिंग सांभाळणारा मागचा प्रोग्राम) मारा, आणि मगच फाइल दुसरीकडे हलवा, कारण तो जुनं सेटिंग मेमरीत धरून बसतो आणि तेच परत लिहून टाकतो.