उंबराची साल आणि मधुमेहाच्या गोळ्या
उंबराच्या सालीचा काढा सुरू केल्यावर मधुमेहाच्या गोळ्या सोडता येतात, असा दावा केला जातो. त्यातील काढ्याचा भाग विचारात घेण्याजोगा असला, तरी गोळ्या सोडण्याचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. सालीत टॅनिनांखेरीज (तुरट चव देणाऱ्या द्रव्यांखेरीज) ल्युपिऑल, बीटा-सिटोस्टेरॉल आणि ल्युकोसायनिडिन ही संयुगे आढळतात, आणि तिच्या अर्काने मधुमेही उंदरांच्या रक्तातील साखर उतरल्याचे प्रयोगांत दिसले आहे. परंतु उंदराला मोजून दिलेला अर्क आणि आपण चुलीवर अंदाजाने आटवलेला काढा यांची मात्रा एक नसते.

तुरटपणाचा गुण मात्र घरबसल्या पडताळता येतो. परभणीकडच्या आमच्या मळ्यात विहिरीवर उंबर होता. त्याची साल आजी लोखंडी कढईत कधीच उकळू देत नसे, कारण टॅनिनांचा लोखंडाशी संयोग होऊन काढा शाईसारखा काळा पडतो. मातीच्या मडक्यात तो लालसर तपकिरी राही, आणि तोंड आल्यावर त्याच्या गुळण्या केल्या की जीभ आखडल्यासारखी होई. टॅनिने प्रथिनांना घट्ट धरतात, त्याचाच हा परिणाम. वड, पिंपळ, पायर आणि पारोसा पिंपळ यांच्यासोबत उंबराची साल पंचवल्कलात, म्हणजे पाच सालींच्या आयुर्वेदिक मिश्रणात, घेऊन व्रण धुण्यासाठी वापरतात, त्यामागेही हाच स्तंभक (आखडवणारा) गुण आहे.